गबदूचं नाक

समजा, तुम्हाला एका प्राण्याच्या पोटात शिरायचं आहे. आधी अंगात सुती बनियन आणि सुती पायजमा चढवा. सुतीच हवा, कारण थोड्याच वेळात तो पिळून काढण्याइतका भिजणार आहे. मग कमरेला रुंद पट्टा बांधा. पट्ट्याला प्लास्टिकच्या कांब्यांचा पिंजरा अडकवायचा आणि त्यावर स्पंज, की झालं पोट. त्यावरून कातडी. कातडीची चेन पाठीवर असते, ती स्वतःची स्वतःला लावता येत नाही, तेव्हा कोणाला तरी हाक मारा. मग पाय. ते इतके मोठे की दारातून बाहेर पडताना खेकड्यासारखं आडवं चालावं लागतं. सगळ्यात शेवटी मुंडकं. त्याच्या आत हेल्मेट, हेल्मेटला वर इवलासा पंखा, पंख्याची बॅटरी डाव्या कानामागे. हा पंखा वारा कमी देतो आणि गुणगुणतो जास्त. डोळ्यांतून काही दिसत नाही, ते नुसते रंगवलेले आहेत. दिसतं ते तोंडाच्या जाळीतून, आणि तेही समोरच्या माणसाचं कमरेपासून खालचं. आता चाला. आता नाचा. आता एका रडक्या पोराला हसवा. बोलायचं मात्र अवाक्षर नाही.

आणि हे सगळं करताना तुम्हाला मनापासून सुख वाटलं पाहिजे. ते जमलं, तर थोरली तुम्हाला कळेल.

थोरली म्हणजे दोन बहिणींतली मोठी. वय चाळिशीला टेकलेलं, बांधा बुटका आणि गोल, मान मात्र पैलवानासारखी. मुंडकं वाहून वाहून ती तशी झाली होती. शहराबाहेर एक जुनं अम्युझमेंट पार्क होतं. तिथे थोरली गबदू होती. 'गबदूचं काम करते' असं ती कधी म्हणत नसे. "मी गबदू आहे," म्हणायची, आणि नवीन माणूस हसला की त्याच्याकडे असं बघायची की त्याचं हसू तिथेच वाळायचं.

गबदू हा पार्कच्या पहिल्या मालकाने स्वतःच्या डोक्यातून काढलेला प्राणी. अस्वल म्हणावं तर शेपूट लांब, उंदीर म्हणावं तर पोट सुटलेलं. एक कान उभा, एक पडलेला. त्याची गोष्ट अशी की त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो माणसं वासाने ओळखतो. पोराने तळहात पुढे केला की गबदू वाकतो, आपलं मोठं काळं नाक त्या हातात टेकवतो आणि तसाच थांबतो. पोर हात काढून घेईपर्यंत नाक उचलायचं नाही, हा कातडीखोलीतला सगळ्यात जुना नियम. सोंगं जिथे टांगलेली असतात त्या खोलीला सगळे कातडीखोली म्हणत.

नाक टेकवायला वाकलं की तोंडाची जाळी जमिनीकडे होते, आणि आतल्या माणसाला स्वतःच्या पायांशिवाय काही दिसत नाही. समोरचं पोर थोबाडीत देणार की पापा घेणार, कळायला मार्ग नाही. "म्हणून तर ते खरं वाटतं," थोरली म्हणायची. "त्या वेळी गबदू आंधळाच असतो. खोटं करायचं म्हटलं तरी करता येत नाही."

ती स्वतः लहान असताना तिनेही असाच हात पुढे केला होता. आत तेव्हा कोण होतं, देव जाणे. पण तिथून जे वेड लागलं ते लागलंच. शाळेच्या वह्यांवर गबदू, उशीच्या अभ्र्यावर गबदू. पुढे पार्कात नोकरी मिळाली तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं. तसंही घरात प्राणीच वाढवलाय मी."

धाकटी तिच्याहून बारा-एक वर्षांनी लहान. उंच, शिडशिडीत, आणि कशाचंच फारसं वेड नसलेली. फोन दुरुस्तीच्या दुकानात बसायची, ते सोडून कपड्यांच्या दुकानात गेली, तेही सोडलं. मग थोरलीनेच तिला पार्कात आणलं. थोरलीची सुट्टी असली की धाकटी गबदू व्हायची. तिच्या उंचीमुळे गबदूच्या घोट्याशी कातडी आखूड पडायची, म्हणून तिला गुडघे वाकवून चालावं लागे. नाक टेकवायला थोरलीनेच शिकवलं तिला, घरातल्या पलंगावर उशी ठेवून. "मान नाही वाकवायची, छोटे. कमरेतून वाक. आणि उठायची घाई नको. पोराला वाटलं पाहिजे की गबदूला जगात दुसरं काही कामच नाही."

"ताई, मला तरी कुठे आहे दुसरं काम?" धाकटी म्हणायची, आणि दोघी पलंगावर पडून हसायच्या.

मग पार्कात बातमी आली की कोल्हीण येणार.

ही कोल्हीण सिनेमातली. रुपेरी अंग, खांद्यावर निळा शेला, हातात भाला. त्या वर्षी तिचा सिनेमा इतका चालला होता की डबे, दप्तरं, चपला, टूथब्रश, जिथे बघावं तिथे तीच. पार्कच्या नव्या मालकांनी सिनेमा कंपनीशी करार केला. कारंज्याच्या चौकातला गबदूचं जुनं लाकडी खोपटं उखडून तिथे कोल्हिणीचा बर्फाचा किल्ला उभा राहायला लागला. बर्फ म्हणजे थर्माकोल आणि पांढरा रंग.

थोरली पार्काच्या चाहत्यांच्या एका फोनवरच्या ग्रुपात होती. नोकरीतल्या माणसांनी तिथे लिहायचं नसतं, म्हणून तिने तिथे नाव घेतलं होतं 'पडका कान'. या पडक्या कानाने त्या आठवड्यात ग्रुप दणाणून सोडला.

'पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही,' तिने लिहिलं. 'घरचा प्राणी घरात असताना बाहेरचा उसना आणायचा, आणि वर त्यालाच पाट मांडायचा. आयत्या बिळावर नागोबा बसतो तसं या सिनेमावाल्यांचं चाललंय. आपल्या चौकात, आपल्या कारंज्यापाशी, आपली माणसं गोळा झालेली, आणि मध्ये त्यांची कोल्हीण.'

मग जरा शांत झाल्यावर आणखी लिहिलं, आणि हे तिने खरोखर विचार करून लिहिलं होतं: 'सिनेमातल्या पात्राला लोक भेटायला येत नाहीत, तपासायला येतात. शेला तसाच आहे का, शेपूट तेवढीच आहे का, पडद्यावर होती तशीच आहे ना. जुळलं की फोटो काढतात आणि जातात. गबदूला कोणी तपासू शकत नाही. तो दुसरीकडे कुठे नाहीच. त्याला भेटायचं तर इथेच यावं लागतं, आणि इथे जे होईल तेच खरं. उद्या करार संपला की कोल्हीण आपली शेपूट उचलून जाईल. तेव्हा चौकात काय उरणार?'

खाली खूप जणांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मात्र लिहिलं, 'पडक्या कानराव, सगळं पटलं. पण गेल्या वर्षी निम्मे पाळणे बंद होते, विसरलात? माझी पोरगी कोल्हिणीसाठी हट्ट धरून बसलीय म्हणून मी परत येतोय. ती नसती तर पार्काला टाळं लागलं असतं.'

थोरलीने याला उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी फोन उशीखाली ठेवून दिला.

कोल्हिणीच्या सोंगासाठी माणूस निवडायला सिनेमा कंपनीची एक बाई आली. सगळे तिला सिनेमावाली म्हणत. कातडीखोलीत तिने सगळ्यांना एकेक करून चालायला लावलं. थोरली जाणार नव्हती. ती सगळ्यांना तसं सांगूनही मोकळी झाली होती. पण रांग संपत आली तेव्हा रांगेच्या शेवटी सगळे बघतात तर थोरली.

तिचा सोबती तिथेच उभा होता. सोंगातल्या माणसाला बाहेरचं दिसत नाही, म्हणून त्याच्या शेजारून चालणारा एक माणूस असतो, तो सोबती. हा इतका किडकिडीत होता की सगळे त्याला काठी म्हणत. काठीने भुवया उंचावल्या. "काय गबदू, द्राक्षं गोड लागली का अचानक?"

"बघायला आलेय. काय मागतात ते कळायला नको?"

"रांगेत उभं राहून?"

"बसायला खुर्ची नाहीये," थोरली म्हणाली.

ती चालली. छाती काढून, हनुवटी वर करून, हातात खरोखरच भाला असल्यासारखी चालली. सिनेमावाली कौतुकाने बघत होती. मग हसून म्हणाली, "बाई, तुम्ही फार छान चालता. पण तुमच्या चालण्यात आधीच कोणीतरी राहायला आलंय. तो जाणार नाही आता."

थोरलीने हे वाक्य घरी नेलं आणि किती दिवस ते उलटंसुलटं करून पाहिलं. कौतुक होतं की नकार, हेच तिला ठरवता येईना. पण निवड झाली धाकटीची, आणि त्यात ठरवण्यासारखं काहीच नव्हतं.

"ताई, तू रागावली नाहीस ना?" धाकटीने विचारलं.

"मी कशाला रागावू? मला हवी होती का ती कोल्हीण?"

"तू रांगेत होतीस म्हणे."

"काठीला जीभ जरा लांब आहे," थोरली म्हणाली. "अंगाला मांस नाही, सगळं जिभेला गेलंय."

त्या रविवारी ती एकटीच सिनेमाला गेली. खोट काढायला गेली होती. मध्यावर कोल्हिणीची आई बर्फात हरवते, आणि कोल्हीण भाला टाकून देऊन नुसती हाका मारत सुटते, तिथे थोरलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारची बाई तिला रुमाल देऊ लागली. थोरलीला सिनेमा वाईट निघाला असता तर बरं वाटलं असतं. सिनेमा चांगला होता. हे तिने ग्रुपात लिहिलं नाही.

किल्ला उघडला, आणि थोरलीचं जग आक्रसत गेलं. करारातली एक अट अशी होती की कोल्हीण आणि गबदू एका फोटोत येता कामा नयेत. सिनेमा कंपनीला आपलं पात्र दुसऱ्या कोणाच्या पात्राशेजारी चालत नव्हतं. म्हणून गबदूला कारंज्याच्या चौकातून हलवून गाड्या लावायच्या फाटकापाशी उभं केलं. पोरं त्याच्यापाशी थांबत नाहीत असं नव्हतं, थांबत. पण नजर चौकाकडे. जाळीतून थोरलीला चेहरे दिसत नसत, पाय दिसत. सँडल घातलेले, चिखलाचे, नाडी सुटलेले ते पाय बोलताना तिच्यासमोर असत आणि टोकं मात्र चौकाकडे वळलेली.

"कोल्हीण कुठेय?" एक बारीक आवाज विचारायचा.

"या रस्त्याने सरळ," काठी सांगायचा. मग मुंडक्याशी तोंड नेऊन, "नव्याचे नऊ दिवस असतात गं."

आतून काही उत्तर येत नसे, कारण गबदू बोलत नाही.

घरी तर त्याहून कठीण. धाकटी दमून यायची, खुर्चीत पाय पसरायची. आई तिच्या मानेला तेल लावायची. इतक्या वर्षांत आईने थोरलीच्या मानेला कधी तेल लावलं नव्हतं. खरं तर थोरलीनेच लावू दिलं नव्हतं, 'मला काही होत नाही' म्हणून. पण हे तिला त्या वेळी कसं आठवेल? आईने दाराच्या किल्लीला कोल्हिणीचं इवलं बाहुलं लावलं. थोरलीच्या ते नजरेस पडलं.

"हे काय?"

"छोटीने दिलं. गोंडस आहे ना?"

"गबदूचं होतं की किल्लीला."

"त्याचा कान तुटला गं, कधीचाच," आई म्हणाली. "तुला आता दिसलं होय?"

थोरलीने ताट पुढे ओढलं आणि मान खाली घालून जेवू लागली. आई म्हणाली, "एकीला बोलायची बंदी कामावर, ती घरी येऊन कान किटवते. दुसरीलाही तीच बंदी, ती घरीही पाळते. माझ्या नशिबी दोन्ही टोकं."

आणि मग ते नाक.

थोरलीला ते फोनवर दिसलं, ग्रुपातच. कोणीतरी चौकातला व्हिडिओ टाकला होता. एक लहान मुलगी कोल्हिणीला बघून घाबरली होती, वडिलांच्या पायाला मिठी मारून ओरडत होती. कोल्हिणीने भाला खाली ठेवला. मग ती कमरेतून वाकली, मान न वाकवता, आणि आपलं रुपेरी नाक त्या मुलीच्या उघड्या हातात टेकवून थांबली. मुलगी रडायची थांबली. कोल्हीण हलली नाही. कितीतरी वेळ हलली नाही. शेवटी मुलीनेच हात काढला, हसली, आणि आजूबाजूचे लोक चक्क रडायला लागले. पुढच्याच दिवसापासून चौकात पोरांची रांग. सगळी हात पुढे करून.

खाली कोणी लिहिलं होतं, 'कोल्हिणीचं नाक! काय सुंदर कल्पना!'

थोरलीने व्हिडिओ पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला. वाकणं तिचं. थांबणं तिचं. गुडघ्यातला तो किंचित बाक, तोसुद्धा गबदूच्या आखूड कातडीत शिकलेला. कोणी तिचा चेहरा काढून दुसऱ्या धडावर बसवला असता तरी तिला इतकं झोंबलं नसतं.

"हे काय केलंस तू?" तिने धाकटीला दारातच गाठलं.

"अगं, आपोआप झालं! ती पोरगी रडत होती, मला काही सुचेना, आणि अंग आपलं वाकलंच. सिनेमावालीने शिकवलेल्यात हे नाही बरं का. कोल्हीण वाकत नाही, असं तिने बजावलंय. मी घाबरलेच होते आधी. पण काय रांग लागतेय, ताई!"

"ते गबदूचं आहे."

"हो, मग? गबदूचं म्हणजे आपलंच की."

"आपलं नाही. गबदूचं," थोरली म्हणाली. धाकटी चपला काढत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा चपलेकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी थोरली पार्कच्या मॅनेजरबाईंच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिली. आत जाईपर्यंत तिने मनाशी ठरवलं होतं की आपण हे गबदूसाठी करतोय. आत गेल्यावर मॅनेजरबाईंनी तिला खुर्ची दिली, आणि खुर्चीत बसताना तिला एक चित्र दिसलं: धाकटी घरी आली आहे, कोल्हिणीचं काम गेलं आहे, मान खाली घातली आहे, आणि आपण तिच्या पाठीवरून हात फिरवतोय. 'जाऊ दे गं, छोटे. मी आहे ना.' चित्र इतकं गोड होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली. पण ती उठली नाही.

"सिनेमावाल्यांनी कोल्हिणीला वाकायची बंदी केलीय," ती म्हणाली. "आणि ती वाकतेय. वर नाक टेकवतेय. ते गबदूचं आहे. दोन्ही पात्रं एकमेकांत मिसळायची नाहीत असं करारात आहे ना?"

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "कोल्हिणीत तुमची बहीण आहे ना?"

"बहीण आहे म्हणून नियम बदलतो का, मॅडम?"

"नाही बदलत. पण तुम्हाला नक्की काय हवंय?"

"मला काही नकोय. कानावर घातलं."

"तुम्ही सांगितलंत म्हणजे मला ते कंपनीला कळवावं लागेल," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्या थोड्या थांबल्या, जणू थोरलीला अजून मागे वळायला जागा ठेवत होत्या. "कळवू?"

"कळवा," थोरली म्हणाली.

बाहेर काठी भेटला. त्याला सगळं आधीच वासाने कळायचं. "गबदू, घरच्या भांडणाला दिल्लीदरबार कशाला?"

"भांडण नाहीये हे."

"नाही ना? मग बहिणीला सांगून आलीस का?"

पुढचे काही दिवस थोरली घरी फार चांगली वागली. धाकटीचे सुती कपडे धुतले, तिच्या पंख्याची बॅटरी चार्ज करून ठेवली. मानेला तेल लावायलाही बसली. बोटांखाली धाकटीची मान आखडलेली होती. तिला अजून वजनाची सवय नव्हती. "हळू, ताई," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. थोरलीच्या मनात आलं, आत्ता सांगून टाकावं. मग तिची नजर दाराला टांगलेल्या किल्लीवर गेली, आणि तिने सांगितलं नाही.

सिनेमावाली परत आली. या वेळी तिच्याबरोबर आणखी दोघं होते, हातात कॅमेरे. दिवसभर ती माणसं चौकात उभी राहून कोल्हिणीकडे बघत होती. फाटकापाशी, गबदूच्या पोटात, थोरलीने घरी गेल्यावर काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

धाकटी घरी आली ती धावतच. दार उघडं टाकून तिने थोरलीला कवेत घेतलं.

"ताई! आपलं नाक!"

"काय झालं?"

"त्यांना इतकं आवडलं, इतकं आवडलं! सिनेमावाली म्हणाली, आता जिथे जिथे कोल्हीण आहे तिथे सगळीकडे हेच करायचं. सगळ्या देशांत! मला शिकवायला पाठवणार आहेत, नवीन पोरींना. तू पलंगावर शिकवलंस ना, तसंच. कमरेतून वाक, उठायची घाई नको..." ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. "पुढच्या सिनेमात पण घेणार म्हणे. कल्पना कर, पडद्यावर आपलं नाक!"

आई स्वयंपाकघरातून आली. "कोणाचं नाक कापलं?"

"कापलं नाही, आई, वाढलं!" धाकटी म्हणाली.

पाठ केलेल्यातलं एक वाक्यही थोरलीच्या कामाचं उरलं नव्हतं. तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला; तेवढं एक तिच्या चित्रातलं खरं झालं.

सकाळी मॅनेजरबाईंनी तिला बोलावलं. या वेळी चष्मा काढला नाही. "तुमच्यामुळेच त्यांच्या लक्षात आलं ते," त्या म्हणाल्या. "कंपनीने आता ते कोल्हिणीचं म्हणून ठरवून टाकलंय. तुम्ही म्हणालात तेच, दोन पात्रं मिसळता कामा नयेत. तेव्हा यापुढे गबदूने ते करायचं नाही."

"पण ते गबदूचंच होतं."

"कुठे लिहिलंय का?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. पहिला मालक जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. जे होतं ते वाकण्यात होतं, एका अंगातून दुसऱ्या अंगात गेलेलं.

"मी आधी आले नसते तर?" थोरलीने विचारलं.

"तर त्यांना चौकातला एक गोड व्हिडिओ वाटला असता. नाक कोणाचं, हा प्रश्न तुम्ही काढलात." मॅनेजरबाईंचा आवाज वाईट नव्हता. "हंगाम संपला की गबदूचं काय करायचं तेही ठरेल. मी ठेवा असंच सांगणार आहे. पण नाकाशिवाय लोक येतात का, ते बघतील ते."

कातडीखोलीत काठीने तिची चेन लावली. चेन दोनदा अडकली, दोनदा त्याने ती सोडवली. शेवटी म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच बघ."

"माहितीय."

"मी असतो तर मीही केली असती तक्रार," काठी म्हणाला. "फक्त मी बहिणीची केली नसती. मला बहीण नाही, म्हणून."

फाटकापाशी ऊन वाढत होतं. पहिली बस आली. पाय उतरले, चौकाकडे निघाले. त्यातली एक निळ्या सँडलची जोडी मात्र गबदूकडे वळली आणि समोर येऊन थांबली. जाळीत एक इवला तळहात आला, वर वळलेला.

थोरलीचं अंग वाकू लागलं होतं. तिने ते आवरलं. आवरताना तिला कमरेत खरोखरच कळ आली. ती ताठ उभी राहिली, दोन्ही पंजे पाठीमागे नेले आणि मोठं मुंडकं हळूच डावीकडून उजवीकडे हलवलं.

तळहात तसाच होता.

"त्याला सर्दी झालीय," काठी म्हणाला. "वास येत नाहीये आज."

निळ्या सँडली विचारात पडल्या. मग त्या गबदूला वळसा घालून मागे गेल्या. थोरलीला काही दिसेना. तिला एवढंच कळलं की कोणीतरी तिचा पाठीमागचा पंजा ओढून घेतला, उलगडला, आणि त्या जाड केसाळ पंजात काहीतरी लहान, गरम टेकलं. ते पोराचं नाक होतं. श्वास तिला कातडीतून लागला नाही, पण लागल्यासारखा वाटला. पोर थांबून राहिलं. थोरलीला हात काढायचा नव्हता, आणि या वेळी हात कधी काढायचा हे तिच्यावर होतं.

मागे कोणी हसलं, मग आणखी एक पोर पंजा मागायला आलं. मग तिसरं.

काठी मुंडक्याशी कुजबुजला, "गबदू, बंदीत हे कुठे बसत नाही बरं का. तू वाकलीच नाहीस, पोरगी वाकली." त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

थोरलीच्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हता. 'हे धाकटीला कळता कामा नये,' हा होता. हे कोणी फोनवर घेतलं तर नाही ना, म्हणून ती मुंडकं मागे कलवून जाळीतून फोन धरलेले हात शोधू लागली.

घरी धाकटी बॅग भरायला बसली होती; शिकवायला जायचा दिवस ठरला होता. थोरली तिच्या घड्या नीट करून देत होती.

"फाटकावर कसं गेलं आज?" धाकटीने विचारलं.

"नेहमीसारखं."

"नाक नाही करता येत म्हणून पोरं नाराज झाली असतील, नाही? मला फार वाईट वाटतं गं त्याचं. मी सिनेमावालीला म्हटलंही, ताईचं आहे ते, तिला करू द्या. तर म्हणाली, आता हातात नाही." धाकटीने एक बनियन गुंडाळून कोपऱ्यात खुपसला. "म्हणे कोणीतरी तक्रार केली होती माझी. पार्कातल्याच कोणी. मी म्हटलं, असेल कोणाचं पोट दुखत." तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काही होतं की नव्हतं, हे थोरलीला ओळखता आलं नाही. "मी काही शोधत बसले नाही. बरं, तो पायजमा दे इकडे."

थोरलीने पायजमा दिला. घडी मोडली होती, म्हणून परत घेतला आणि पुन्हा घातली.

धाकटी गेली, आणि तिथून रोज फोन करते. नवीन पोरी कशा वाकतात, कोणाची मान कशी आखडते, सगळं सांगते. थोरली ऐकते. पंजाचं तिने अजून सांगितलेलं नाही. फोन ठेवल्यावर दर वेळी तिच्या ओठांवर एकच प्रश्न येतो, आणि तो विचारायचा तर आधी स्वतःचं सांगावं लागेल, म्हणून तो तसाच राहतो: जागा उलट असत्या, कोल्हिणीत मी असते आणि फाटकावर उन्हात तू, तर छोटे, तू केली असतीस का गं माझी तक्रार?